इंटेल की एएमडी? वसई-विरारच्या बाजारात खरा प्रश्न पिढीचा

वसई : बारावीचे निकाल लागले की मे-जूनमध्ये वसई, नालासोपारा आणि विरारच्या स्टेशनबाहेरच्या कॉम्प्युटर दुकानांत गर्दी वाढते. इंजिनीअरिंगला जाणाऱ्या पोराला लॅपटॉप हवा असतो. वाडा, विक्रमगडकडच्या सेवा केंद्रवाल्याला जुनं मशीन बदलायचं असतं, फोटो स्टुडिओवाल्याला लग्नसराईत अडलेला व्हिडिओ आठवत असतो. काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला, "इंटेल घेऊ की एएमडी?" आणि उत्तरही बहुतेक ठरलेलं, "दादा, आय-५ आहे, डोळे झाकून घ्या."

ग्राहकाचे पैसे बुडतात ते इथेच, डोळे झाकल्यावर. आय-५ हे काही एका प्रोसेसरचं नाव नाही. २००९ पासून इंटेलने एकामागून एक चौदा पिढ्या या नावाने विकल्या. २०१५ चा आय-५ सुद्धा आय-५ आणि २०२२ चाही आय-५. मोटारसायकलचं मॉडेल सांगावं आणि साल सांगू नये, तसला हा प्रकार.

एरवी यात थोडं कमी-जास्त वेगाचा फरक पडला असता, इतकंच. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नियमित सुरक्षा अपडेट देणं थांबवलं आणि गणित बदललं. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला लागतो. इंटेलमध्ये ही यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते, एएमडीमध्ये साधारण रायझेन २००० मालिकेपासून. साधारण म्हणायचं कारण म्हणजे रायझेन २२००जी आणि २४००जी हे नावाने २००० मालिकेतले, पण आतून जुने. ते यादीत नाहीत.

मुंबईतली ऑफिसं आपली जुनी मशीनं काढून टाकतात. सहाव्या-सातव्या पिढीचे हे डबे पुसूनपासून, नवी एसएसडी घालून उपनगरांतल्या आणि आपल्या बाजारात येतात. किंमत पाहून माणूस हरखतो. चालू केल्यावर मशीन पळतंही झकास, कारण एसएसडी नवी असते. काही दुकानांत त्यावर विंडोज ११ सुद्धा घालून मिळतं, तपासणी चुकवून. ते चालतं, पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

घरात सिनेमा बघायला असं मशीन घेतलं तर फारसं बिघडत नाही. सेवा केंद्राची गोष्ट वेगळी. जव्हार-मोखाड्यातल्या केंद्राच्या हार्ड डिस्कवर गावातल्या शेकडो माणसांचे आधार, जातीचे दाखले, बँक पासबुकांचे स्कॅन पडलेले असतात. सुरक्षा अपडेट नसलेल्या मशीनवर हे सगळं ठेवणं म्हणजे तिजोरी घेऊन कुलूप विसरण्यासारखं. शिवाय केंद्रचालकाने मशीन स्वतःच्या खिशातून घेतलेलं असतं. चार-पाच वर्षं तरी ते चालायला हवं, हाच त्याचा हिशेब.

'एएमडीवर टॅली चालत नाही' ही अफवाच

ग्रामीण ग्राहकाच्या मनात एएमडीबद्दल अजून भीती आहे. गरम होतं, टॅली चालत नाही, अंगठ्याचं मशीन जोडलं जात नाही, असं काहीबाही कानावर येतं. गरम होण्याची तक्रार दहा-बारा वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरबाबत खरी होती. बाकीच्यात तथ्य नाही. अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर विंडोजसाठी बनतो, प्रोसेसरच्या कंपनीसाठी नाही.

या दोन कंपन्यांचं नातं सवतीचं असलं तरी घर एकच आहे. आयबीएमला आपल्या पीसीसाठी एकाच पुरवठादारावर अवलंबून राहायचं नव्हतं. म्हणून १९८२ मध्ये इंटेलने एएमडीशी करार केला आणि इंटेलच्याच नमुन्याच्या चिप एएमडीही बनवू लागली. पुढे कोर्टकज्जे झाले ते वेगळे. २००३ मध्ये मात्र उलटं घडलं. आज बहुतेक विंडोज पीसी ज्या ६४-बिट पद्धतीवर चालतात ती एएमडीने आणली आणि इंटेलला ती स्वीकारावी लागली. त्यामुळे टॅली, फोटोशॉप, डीटीपी, सरकारी पोर्टल, जे एकावर चालतं ते दुसऱ्यावरही चालतं.

पालघरच्या शेतकऱ्याला जवळचं उदाहरण हवं तर पुण्याचं घ्या. पाऊस कधी आणि किती, याचा अंदाज ज्या महासंगणकांवर काढला जातो त्यातला 'प्रत्युष' २०१८ मध्ये पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत बसला, तो इंटेलच्या झिऑन प्रोसेसरवर. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच संस्थेत 'अर्क' आला, तो एएमडीच्या एपिक प्रोसेसरवर. देशाचा मान्सून ज्या कंपनीच्या चिपवर मोजला जातो, तिच्यावर सातबारा छापायला काय हरकत असावी?

दुसऱ्या टोकाची अफवाही सध्या फिरते : इंटेल बुडाली, आता तिचा माल घेऊ नका. २०२४ मध्ये कंपनीला मोठा तोटा झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने तिच्यात सुमारे १० टक्के हिस्सा घेतला, हे खरं. पण त्यावरून वसईतल्या दुकानातला लॅपटॉप बेवारस होणार, असा अर्थ काढणं उतावीळपणाचं आहे. सरकारने हात दिलेली कंपनी उद्या सकाळी टाळं लावत नाही.

तक्रारीची जागा वेगळी आहे. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या ताकदवान डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे कायमचा बिघाड होत असल्याचं २०२४ मध्ये उघड झालं. कंपनीने सुधारणा दिली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच बिघडलेली चिप मात्र या सुधारणेने बरी होत नाही. म्हणून सेकंडहँड १३७००के किंवा १४९००के कुणी स्वस्तात देत असेल तर हात आखडता घ्यावा. साध्या आय-३ वाल्यांनी घाबरायचं कारण नाही. एएमडीही धुतल्या तांदळासारखी नाही. २०२३ मध्ये तिच्या ७००० मालिकेतले काही महागडे प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळेच अक्षरशः जळाले होते.

जुनी रॅम फेकू नका

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी आणि कारखानदार तिकडे वळले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशिअल' हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. याचा थेट परिणाम प्रोसेसरच्या निवडीवर होतो, आणि दुकानात नेमकं हेच कुणी सांगत नाही.

एएमडीच्या नव्या एएम-५ बोर्डांना डीडीआर-५ रॅमच लागते. एएम-४ बोर्डांना डीडीआर-४ चालते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या बोर्डांत दोन्ही प्रकार मिळतात, बोर्ड बघून घ्यावा लागतो. घरात सातव्या पिढीचा डेस्कटॉप असेल तर त्यातली रॅम बहुधा डीडीआर-४ आहे. ती काढून नव्या बोर्डावर लावली की खर्चाचा मोठा घास वाचतो. कॅबिनेट, एसएसडी, मॉनिटरही तेच. चौथ्या पिढीवाल्यांची रॅम डीडीआर-३ असते, तिथे हा मार्ग बंद.

डेस्कटॉपमध्ये एएमडीचं पारडं जड ठरतं ते याच हिशेबात. एएम-४ बोर्ड २०१७ मध्ये बाजारात आले. त्यातल्या कित्येक बोर्डांवर २०२२ नंतर बायोस अपडेट करून रायझेन ५००० मालिका बसते. म्हणजे रायझेन १२०० घेतलेल्या माणसाला फक्त प्रोसेसर बदलून विंडोज ११ गाठता येतं. इंटेलच्या सातव्या पिढीवाल्याला ही सोय नाही. आठव्या पिढीचा सॉकेट दिसायला तोच, पण जुन्या बोर्डावर ती चालत नाही. बोर्डासकट बदला!

इथेच एक सापळा आहे. रायझेन ५६००जी मध्ये डिस्प्लेची सोय आत असते, नुसत्या ५६०० मध्ये नसते. इंटेलच्या १२४०० मध्ये असते, १२४००एफ मध्ये नसते. नुसता ५६०० किंवा 'एफ'वाला थोडा स्वस्त मिळतो म्हणून माणूस घेऊन जातो, घरी केबल जोडतो आणि पडदा काळाच्या काळा. वेगळं ग्राफिक कार्ड घ्यावं लागतं. जव्हारहून आलेल्या माणसाचा यात आणखी एक दिवस जातो. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा या चारही तालुक्यांत रेल्वे नाही. एसटी, मग लोकल, मग दुकान, आणि तेच परत.

विजेचाही विचार करावा लागतो. ग्रामीण भागात लाईट जाणं नवीन नाही, आणि जुलै २०१८ च्या पुरात तर वसई-विरार शहराचाच वीजपुरवठा बंद पडला होता. इंटेलचा आय-७ १४७००के पूर्ण जोरात २५३ वॅटपर्यंत वीज ओढतो. रायझेन ५६००जी ६५ वॅटचा आहे. नुसते फॉर्म भरायचे आणि दाखले छापायचे असतील तर इंटेलचा एन१०० अवघा ६ वॅटचा आहे, विंडोज ११ च्या यादीत आहे, आणि छोट्या यूपीएसवर चालू काम सेव्ह करून मशीन बंद करायला पुरेसा वेळ मिळतो. व्हिडिओ एडिटिंगवाल्याने मात्र त्याच्या नादी लागू नये.

लॅपटॉपवरचे आकडे

लॅपटॉपमध्ये कोणत्या कंपनीचा, हा प्रश्न आणखीच दुय्यम आहे, कारण दोन्ही कंपन्या जुना माल नव्या नावाने विकतात. रायझेन ५ ७५२०यू हा नाव ऐकून ७००० मालिकेतला नवा वाटतो, पण आतली रचना २०१९ ची आणि कोअर चार. शेजारचा ७५३०यू सहा कोअरचा आणि एक पिढी पुढचा. या मालिकेत तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो. २ असेल तर जुना, ३ बरा, ४ चांगला.

इंटेलने २०२३ च्या अखेरीपासून 'आय' काढून टाकला आणि कोअर ५, कोअर अल्ट्रा ५ अशी नावं आणली. कोअर ५ १२०यू हा आतून तेराव्या पिढीच्याच जातीचा. नवी रचना हवी तर 'अल्ट्रा' बघावं लागतं. आणि 'दहा कोअर' ऐकून भुलू नये. आय-५ १२३५यू मध्ये दहा कोअर आहेत, पण मोठे दोनच, बाकी आठ छोटे. एएमडीचे सहा सारखे कोअर त्याच्या तोडीस तोड काम करतात. टॅली-वर्डला फरक जाणवणार नाही, इंजिनीअरिंगच्या ड्रॉइंगला जाणवेल.

सेकंडहँड घेताना पिढी ओळखणं तसं सोपं. मशीन चालू करून सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट उघडायचं. आय-५ नंतर ६५०० असेल तर सहावी पिढी, ८४०० असेल तर आठवी, १०४०० असेल तर दहावी. १२३५यू सारखे चार आकडे १० ते १४ ने सुरू होत असतील तर पहिले दोन आकडे धरायचे. दुकानदार मशीन चालू करून दाखवायला टाळाटाळ करत असेल तर दुसरं दुकान बघावं, वसई-विरारमध्ये दुकानांची कमी नाही.

काही जण सरळ मुंबई सेंट्रलला उतरून लॅमिंग्टन रोड गाठतात. तिथे माल जास्त, भाव थोडा कमी. पण बिल कुणाचं आणि कसलं, हे बघायला हवं. भारतातल्या अधिकृत वितरकाकडून घेतलेल्या प्रोसेसरलाच इथे वॉरंटी, असं धोरण इंटेलने २०१६ मध्ये आणलं होतं आणि त्याविरुद्धच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २०१९ मध्ये चौकशीचा आदेश दिला. ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर बिलावर सिरियल नंबर आणि जीएसटी नंबर दोन्ही असावेत. लॅपटॉपची वॉरंटी लॅपटॉप बनवणारी कंपनी देते, तेव्हा तिचं सर्व्हिस सेंटर वसई-विरारमध्ये आहे की अंधेरीला, हे पैसे देण्याआधी विचारलेलं बरं.

ज्यांना आज खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी थोडी सवड आहे. वैयक्तिक वापराच्या विंडोज १० मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळू शकतात. सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर त्यासाठी नोंदणी करावी लागते आणि मायक्रोसॉफ्ट खात्यावर बॅकअप ठेवला तर ती फुकटही होते. ही सवलत घरगुती वापरासाठी आहे. धंद्याच्या मशीनसाठी दर वेगळा आणि जास्त आहे. सेवा केंद्रवाल्यांनी ते गृहीत धरूनच यंदाचा हिशेब मांडावा.