ओळखीची सही

‘हल्ली नवीन चांगलं लिहितो कोण?’ असं विचारणारी मंडळी एक पथ्य फार कडक पाळतात. नवीन काहीही वाचायचं नाही! दिवाळी अंक हाती आला की यांचं बोट अनुक्रमणिकेवर फिरायला लागतं. ओळखीचं नाव दिसलं की थांबतं; अनोळखी नाव आलं की फास्ट लोकलने लहान स्टेशन ओलांडावं तसं पुढे सटकतं. पंधरांतली बारा नावं अशी न वाचताच बाद झाली, की अंक मिटून निकाल जाहीर: ‘पूर्वीसारखं राहिलं नाही हो!’

पूर्वी बँकेत खातं उघडायचं तर जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागायची. हा गृहस्थ सज्जन आहे, असं दुसऱ्या सज्जनाने लिहून द्यायचं. त्या दुसऱ्याला सज्जन कोणी ठरवलं, हे मात्र विचारायचं नाही. अखेर २०१२ साली रिझर्व्ह बँकेने बजावलं की या सहीचा आग्रह धरू नका. साहित्याच्या शाखेत ते परिपत्रक अजून पोचलेलं दिसत नाही.

बिनसहीच्या माणसाला वाचक मिळवून देणारा एक जुना, स्वस्त उपाय आहे: चारचौघांनी मिळून लिहायचं आणि मिळून वाचायचं. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. ‘आधी कुठे छापून आलंय का?’ असं विचारून त्याला दारातच अडवलं असतं, तर तोटा ठोमऱ्यांचा कमी आणि आपला जास्त झाला असता. पुण्यात रविवारच्या चहाला जमणाऱ्या कवींचं १९२३ साली ‘रविकिरण मंडळ’ झालं. माधव जूलियनांच्या ओढीने आलेल्या वाचकाची गाठ तिथे मनोरमाबाई रानड्यांशीही पडत असे.

कचेरीतलं हस्तलिखित हे याच घराण्यातलं गरीब नातेवाईक. एका वर्षी आमच्याकडे सगळ्यांना एकच विषय दिला होता, ‘छत्री’. साहेबांनी चार पानं लिहिली. त्यांत कालिदास होता, छत्रपती होते, छत्री तेवढी नव्हती. आवक-जावक सांभाळणाऱ्या, दिवसभरात दहा शब्द न बोलणाऱ्या गृहस्थांनी लिहिल्या सात ओळी. वडील गेल्यापासून त्यांची छत्री खुंटीला तशीच आहे. घरातले सगळे भिजत जातात, पण ती कोणी काढत नाही. बस्, एवढंच. विषय एकच असल्याचा फायदा हा. तराजू तोच, त्यामुळे वजन कोणाचं आणि पुडक्याचा कागद कोणाचा, हे लगेच कळतं.

‘पण अशा उपक्रमांत भरताडच फार असतं!’ असतं ना. नोटांच्या पुडक्यातही फाटक्या निघतात. म्हणून पुडकं न मोजता परत करणारा कॅशियर मी तरी पाहिलेला नाही.

खरं दुखणं पुढेच आहे. अशा उपक्रमात जो तो लिहितो, आपलंच पान उघडतो, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकांवर हळहळतो आणि अंक कपाटात ठेवतो. पन्नास लेखक आणि प्रत्येकी एकेक वाचक, तोही घरचाच! दोन वर्षं व्यवहार झाला नाही की बचत खातं निष्क्रिय होतं. लिहिणाऱ्या माणसाचंही तसंच असतं. दोन-तीनदा लिहून पलीकडून ‘वाचलं बरं का’ एवढंही आलं नाही, की तो वही मिटतो. त्याची नोटीस कुठल्याच फलकावर लागत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जो एक लेख देईल, त्याने त्याच अंकातले दोन अनोळखी लेख वाचावेत आणि त्या लेखकांना एकेक ओळ लिहून कळवावं. स्तुती नको, पोच हवी. आणि संपादकांनी मुखपृष्ठावर नावांची वरात काढण्याऐवजी एखादं वर्ष नुसता विषय छापून बघावा.

यापुढे कोणी ‘नवीन लिहितो कोण?’ म्हणून उसासा टाकला, तर वाद घालू नका. ‘अनोळखी नावाचं शेवटचं काय वाचलंत?’ एवढंच विचारा आणि चहा मागवा. उत्तर येईपर्यंत दोन कप सहज होतील.