कोणी फोडली नव्हे, कुठून फुटली

काच फुटली की घरात पहिला सवाल येतो, ‘कोणी फोडली?’ मग आळ येतो लहान मुलावर, नाहीतर कामाला येणाऱ्या मावशींवर. बाथरूमचं काचेचं पार्टिशन पुसताना फुटलं म्हणून मावशींच्या पगारातून पैसे कापलेले मी पाहिले आहेत. काच कापून बसवणं हा माझा धंदा आहे. म्हणून ठामपणे सांगतो, नुसतं पुसल्याने धड काच फुटत नाही. ती आधीच कुठेतरी दुखावलेली असते.

आमचं कामच मुळी या गोष्टीवर चालतं. हिऱ्याने रेघ ओढायची, काच टेबलाच्या कडेला घेऊन हलका दाब द्यायचा. ती बरोबर रेघेवर तुटते. सगळा ताण त्या जेमतेम दिसणाऱ्या रेघेच्या टोकाशी एकवटतो. लोखंड अशा वेळी थोडं वाकतं, ताणतं. काचेला ते जमत नाही, म्हणून भेग पळत सुटते. १९२०च्या सुमारास ग्रिफिथ या इंग्रज इंजिनिअरने हेच सिद्ध केलं. त्याने ओढलेले काचेचे ताजे, बारीक धागे जाड काचेच्या कित्येक पट मजबूत निघाले. मूळची काच दणकट असते. तिला कमजोर करतात ते बारीक चरे.

टफन काच यावरचा तोडगा आहे. ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून ती हवेच्या झोतांनी झटकन थंड करतात. बाहेरचा थर आधी कडक होतो, आतला मागाहून आकसतो आणि बाहेरच्याला दाबात ठेवतो. त्यामुळे वरचे चरे उघडत नाहीत आणि काच साध्या काचेच्या चार-पाच पट मार सोसते. पण आतला भाग कायम ताणात असतो. भेग तिथवर पोचली की सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने धावते आणि अख्ख्या काचेचा चुरा होतो.

ती पोचते बहुतेकदा कडेवरून. बिजागरीत रबर न घालता स्क्रू आवळला, भोकाची कड नीट घासली नाही, खालची कड थेट लादीवर टेकवली, की पुढचं ठरलेलंच. क्वचित दोष काचेच्या पोटातच असतो. निकेल सल्फाइडचा मिलिमीटरहूनही लहान कण हळूहळू फुगत राहतो आणि काही वर्षांनीही, कोणी हात न लावता काच फुटते. तुकडे चौकटीत टिकले असतील तर फुटीच्या मुळाशी दोन मोठे तुकडे फुलपाखराच्या पंखांसारखे जोडून दिसतात. म्हणून झाडू मारण्याआधी फोटो काढा, आणि कारण कळल्याशिवाय कोणाचा पगार कापू नका.

बाथरूममध्ये टफन काच ठीक आहे. तिचे तुकडे बोथट असतात. पण गॅलरीचा कठडा आणि डोक्यावरचं छत नुसत्या टफन काचेचं असणं मला मान्य नाही. कठड्याची काच फुटली की आधारच नाहीसा होतो आणि चुरा खाली कोसळतो. तिथे लॅमिनेटेडच हवी. तिच्या दोन काचांमधला पडदा तुकडे धरून ठेवतो. मोटारीची पुढची काच म्हणूनच तशी असते. फ्लॅट घेताना बिल्डरकडून हे लिहून घ्या. भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी पालिकेनेही हे तपासावं. लॅमिनेटेड महाग पडते, हे रोज दर सांगणाऱ्या मला चांगलं ठाऊक आहे. पण ज्या काचेखाली पोरं खेळतात, तिथे तेवढे पैसे वाचवू नयेत.