तळे आपले, पाणी कुणाचे?

माझा मामेभाऊ बावीस वर्षे कुवेतला होता. परत आल्यावर त्याने मुंब्र्याचा फ्लॅट मुलाच्या हवाली केला. गावच्या सातबाऱ्यावर नाव होते, त्यामुळे शेतजमीन घेता आली आणि कर्जत तालुक्यात दीड एकर जागा त्याने घेतली. घर बांधायच्या आधी त्याने तळे खोदले. मी भिसेगावात राहतो, त्याची जागा माझ्या घरापासून मोटारसायकलवर अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. जेसीबी लागला त्या दिवसापासून त्याचे फोन सुरू झाले, "भाई, एकदा येऊन बघा तरी."

मी गेलो तेव्हा श्रावण चालू होता. तळे काठोकाठ भरले होते. आम्ही दोघे बांधावर खुर्च्या टाकून बसलो आणि तासभर जवळजवळ काहीच बोललो नाही. पावसाची सर यायची, पाण्यावर हजार टिकल्या उठायच्या, सर थांबली की पुन्हा आभाळ दिसायचे. एक खंड्या खांबावर बसून होता. बेडूक कुठून आले, चतुर कुठून आले, कुणी आणले नव्हते. भाऊ म्हणाला, "कुवेतला समुद्राचे पाणी गोड करून नळाला यायचे. दर थेंबाला पैसा. तिथे मी ठरवले होते, आपल्या गावी आपले पाणी असेल."

आता माथेरानच्या डोंगराखाली, नेरळपासून खालापूरपर्यंत, फार्महाऊसची रांग लागली आहे आणि ज्याला परवडते तो तळे खोदतो. अनेक मित्र याला श्रीमंतांचे चोचले म्हणतात. मला तसे वाटत नाही. तळ्याचा आनंद खरा आहे आणि त्याची कारणेही खरी आहेत.

पहिले कारण म्हणजे पाणी काही मागत नाही. शेताला राबावे लागते, गाईला चारा लागतो. तळ्याकडे नुसते बघत बसले तरी चालते. दुसरे, ते रोज वेगळे दिसते. तिसरे, पाणी असले की जीव आपोआप येतात, आणि आपल्या दारी कुणी न बोलावता यावे हे माणसाला आवडते. चौथे, रोहू-कटला सोडले की घरच्या जेवणात घरची मासळी. पाचवे कारण ज्याने चाळीत दिवस काढले त्यालाच कळेल. पहाटे चारला उठून नळाखाली बादली लावणारी आई ज्याने पाहिली, त्याला बावीस लाख लिटर पाणी एका जागी साठलेले बघून जे वाटते ते शब्दांत सांगता येत नाही.

बावीस लाख हा आकडा मी उगाच सांगत नाही. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल, उतरत्या बाजूंचे शेततळे हे आपल्याकडे नेहमीचे माप. त्यात सुमारे २१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ बावीस लाख लिटर पाणी मावते. २०१६ मध्ये सरकारने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आणली, कमाल पन्नास हजार रुपये अनुदान दिले आणि तळ्याची मालकी ही सामान्य शेतकऱ्याच्याही आवाक्यातली गोष्ट झाली. हे चांगलेच झाले. भावाचे तळेही याच मापाचे आहे, फक्त पदरच्या पैशाने खोदलेले.

पण सहावे एक कारण आहे आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. मालकी म्हणजे नाही म्हणण्याचा हक्क. ते मला एप्रिलमध्ये कळले.

कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरी एप्रिल-मेमध्ये आमच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर हंड्यांची रांग लागते. बाहेरच्याला हे पटत नाही. कारण साधे आहे. काळा कातळ, तीव्र उतार आणि चार महिन्यांत पडून जाणारा पाऊस. पाणी उल्हासेत जाते, उल्हास बदलापूर, कल्याण करत खाडीला मिळते. आमच्या डोक्यावर, सह्याद्रीच्या माथ्यावर, टाटांची धरणे आहेत. तिथले आंध्रा तलावाचे पाणी १९२२ पासून भिवपुरीच्या वीजघरात उतरते आणि पेज नदीला मिळते. त्या पाण्यावर राजनाल्याच्या पट्ट्यात उन्हाळी भात पिकतो. कालवा जिथवर गेला तिथवर हिरवे, त्याच्या वर वाडी कोरडी. कुणाच्या तरी मालकीचे पाणी सुटले की शेत पिकते, हे आम्हाला शंभर वर्षे ठाऊक आहे. मुळशीसारख्या खोऱ्यांत अशाच तलावांसाठी गावे बुडाली आणि सेनापती बापटांनी तिथे सत्याग्रह केला, हेही ठाऊक आहे.

एप्रिलमध्ये भावाचे तळे खाली जाऊ लागले. त्याला ते बघवेना. त्याने बोअरचा पाइप तळ्यात सोडला. तळाला प्लास्टिकचा जाड कागद असल्याने पाणी मुरायचे नाही, फक्त उन्हाने उडेल तेवढे भरून काढायचे. आम्ही सावलीत चहा घेत होतो. वरच्या वाडीतली एक बाई फाटकाशी आली. डोक्यावर दोन हंडे. तळ्याचे पाणी तिने मागितलेच नाही. ती म्हणाली, "शेठ, पाइपाचं दोन हंडं भरू का?"

राखणदार म्हणाला, "खासगी आहे, बाई. पुढं जा."

ती गेली. भाऊ मोबाइल बघत होता, त्याने ऐकले की नाही मला माहीत नाही. मी ऐकले होते. मी पाहुणा, दुसऱ्याच्या घरात काय बोलायचे, असे म्हणून मी कप खाली ठेवला आणि गप्प राहिलो. या लेखात कुणावर ठपका असेल तर तो आधी माझ्यावर आहे.

त्या रात्री मी हिशेब मांडला. तळ्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी उडाले असे धरले तर दिवसाला साडेचार हजार लिटर. वाडीत घरे चाळीस. घरटी चार हंडे आणि हंड्याला पंधरा लिटर धरले तर २४०० लिटर. म्हणजे एक तळे भरलेले दिसावे म्हणून आम्ही रोज उन्हाला जेवढे देत होतो, त्याच्या निम्म्याहून थोड्या अधिक पाण्यात अख्ख्या वाडीची गरज भागली असती. वाडीची विहीर त्याच्या बोअरमुळे आटली असे मी म्हणणार नाही, ती दर एप्रिलला आटते. पण जमिनीखालच्या पाण्याला कुंपण नसते. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यापासून आपण असेच समजत आलो की ज्याची जमीन त्याचे खालचे पाणी. महाराष्ट्राने २००९ मध्ये भूजलाचा नवा कायदा करून उपशावर बंधने आणली, पण मनातला कायदा अजून जुनाच आहे.

"खासगी आहे" हे दोन शब्द आपल्या जिल्ह्यात नवे नाहीत. महाड आपल्याच रायगडात, तेव्हाच्या कुलाब्यात. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे कागदावर मांडले. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी त्या तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा गावात मारहाण झाली. पुढे विरोधक कोर्टात गेले आणि त्यांचा एक मुख्य मुद्दा होता की तळे सार्वजनिक नाहीच, ते खासगी आहे. निकाल लागायला दहा वर्षे गेली. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला.

या गोष्टीत आपल्यासाठी दोन धडे आहेत. पहिला जरा बोचरा. त्या तळ्यावर मुसलमानाला पाणी भरायला मनाई नव्हती. आपण भरत होतो आणि दुसऱ्याला अडवले जात होते. आपली घागर भरली की दुसऱ्याची तहान दिसत नाही, याला कुठलाही धर्म अपवाद नाही. दुसरा धडा उमेदीचा. १९२७ च्या डिसेंबरात महाडला दुसरी परिषद भरायची होती, मंडपाला कुणी जागा देईना. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. म्हणजे त्याच गावात, त्याच वर्षी, मालकीचे दोन अर्थ होते. एकाने मालकीच्या नावाखाली सगळ्यांचे पाणी बंद करू पाहिले. दुसऱ्याने स्वतःच्या मालकीची जमीन दुसऱ्यांसाठी उघडली. मालकी दोघांनीही सांगितली, उपयोग उलटा केला.

आपल्या घरात लहानपणी सांगितली जाणारी रूमाच्या विहिरीची गोष्ट हीच आहे. मदिनेत गोड्या पाण्याची विहीर खासगी होती, पाणी विकत मिळायचे. हजरत उस्मान (रजि.) यांनी ती विकत घेतली आणि सर्वांना खुली केली. मालक होण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. पाणी, चारा आणि विस्तव यांत लोकांचा सामायिक वाटा आहे, असे हदीस सांगते आणि गरजेपेक्षा जास्तीचे पाणी अडवू नये अशी ताकीदही देते. मशिदीच्या हौजावर वजू करताना हा हौज कुणाच्या पैशाने बांधला हे आपण विचारत नाही. ज्याने बांधला त्याला सवाब मिळत राहतो. पाण्याचा मालक होण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

मी हे भावाला बोललो तेव्हा तो चिडला. त्याचे म्हणणे मी प्रामाणिकपणे मांडतो. "तळ्यात उद्या कुणाचे पोर बुडाले तर पोलीस माझ्या दारात येतील. कपडे धुतील, साबण सोडतील, मासे मरतील. घाम मी गाळला, बावीस वर्षे मी गाळला." यातले काहीही खोटे नाही. तीन मीटर खोल, घसरड्या प्लास्टिकचे तळे उघडे ठेवणे हा गुन्हाच आहे. त्याला कुंपण हवे, कडेला दोर हवा, ट्यूब हवी. फाटक उघडे टाका असे मी कधीच म्हटले नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. तळे पावसाने भरावे, बोअरने नाही. उन्हाळ्यात ते खाली गेले तर जाऊ द्यावे, उतरलेल्या तळ्याचीही एक शोभा असते आणि चिखलात बगळे येतात. जागा असेल तर तळ्याच्या सांडव्याशी अस्तर न लावलेला एक खड्डा ठेवावा, म्हणजे ओसंडलेले पाणी तिथे मुरून खालच्या विहिरींना मिळेल. आणि बोअर चालूच करायचा असेल तर त्याचा पहिला नळ भिंतीबाहेर असावा.

आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मग मे महिन्याच्या सुरुवातीला त्याने प्लंबर बोलावला. आता फाटकाबाहेर एक काळी टाकी आहे आणि तिला दोन नळ. सकाळी दोन तास पाणी असते, नंतर तो कॉक बंद करतो. मी म्हटले दिवसभर का नाही, तर म्हणाला, "भाई, एवढे केले ते बघा." तेही खरेच. कुलूप अजून फाटकाला आहे, पण नळाला नाही.

परवा पुन्हा गेलो होतो. तळे पार खाली गेले आहे, प्लास्टिक दिसते. भाऊ तरी काठावर बसून होता. बाहेर हंड्यांचा आवाज आला तसा तो उठला आणि टाकी भरली आहे का ते बघून आला.