जुना लाइफराफ्ट खरंच उघडेल का? सर्टिफिकेट नेमकं काय सांगतं

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ नावाचा बार्ज मुंबईजवळच्या समुद्रात बुडाला. बार्जवर २६१ लोक होते, त्यातले सत्तरहून जास्त परत आले नाहीत. वाचलेल्या एका इंजिनियरने पत्रकारांना सांगितलं, की बार्जवर १६ लाइफराफ्ट होते आणि त्यातले १४ पंक्चर होते. ही बातमी तेव्हा सगळीकडे आली, चार दिवस चर्चा झाली आणि मग विषय मागे पडला. पण प्रश्न तसाच आहे. डेकवर राफ्ट आहे हे सगळ्यांना दिसतं. तो चालेल की नाही, हे आधी कळणार कसं?

हाच प्रश्न मागच्या महिन्यात माझ्याकडे वेगळ्या वाटेने आला. चार मित्र मिळून एक सेकंडहँड शिडाची बोट घेत होते. जाहिरातीत लिहिलं होतं, "लाइफराफ्टसकट". राफ्ट २०११ चा, शेवटचं सर्व्हिसिंग २०१९ चं. मित्र म्हणाला, "अरे, बॉक्स बघ ना, एकदम नवा दिसतोय." मी काही खलाशी नाही, कोड लिहितो. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षीच कळते: जो बॅकअप कधी रिस्टोर करून बघितला नाही, तो बॅकअप आहे असं धरायचं नाही. राफ्टचंही तसंच आहे. म्हणून मी कागद मागवले आणि वाचायला बसलो.

बॉक्समध्ये असतं काय?

फायबरच्या बॉक्समध्ये किंवा जाड पिशवीत घडी घातलेला राफ्ट असतो. कापड रबराचा किंवा प्लास्टिकचा थर दिलेलं. सोबत गॅसचा सिलिंडर, त्यात कार्बन डायऑक्साइड आणि थोडा नायट्रोजन. शिवाय पिण्याचं पाणी, फ्लेअर, टॉर्च, पंप, दुरुस्तीचं सामान. बॉक्समधून एक लांब दोरी बाहेर येते, तिला पेंटर म्हणतात. तिचं टोक बोटीला बांधायचं, बॉक्स पाण्यात टाकायचा आणि दोरी ओढत राहायची. पूर्ण ओढली गेली, की एका झटक्याने सिलिंडर उघडतो आणि साधारण मिनिटभरात राफ्ट फुगतो. हवेचे कप्पे दोन असतात. एक फुटला तरी दुसऱ्याने माणसं तरंगती ठेवायची, हा हिशोब.

गोची अशी, की घरी ट्रायल घेता येत नाही. दोरी ओढली की सिलिंडर रिकामा, आणि राफ्ट परत घडी घालून भरणं आपल्या हातचं काम नाही. आत मात्र वय वाढतच असतं. घडीच्या रेषेवर कापड कमजोर होतं, जोडांचा गोंद सुटतो, ओल शिरते, सिलिंडरमधला गॅस हळूहळू गळतो. बॉक्स पॉलिश केला म्हणून यातलं काही थांबत नाही.

सर्व्हिसिंगमध्ये काय होतं?

सर्व्हिस स्टेशनवर राफ्ट उघडून कोरड्या हवेने फुगवतात, तसाच ठेवतात आणि दाब किती उतरला ते मोजतात. सिलिंडरचं वजन करतात, कारण गॅस गळाला की वजन कमी भरतं. मुदत संपलेले फ्लेअर, बॅटरी, पाणी बदलतात. मग घडी घालून बॉक्स बंद आणि सर्टिफिकेट.

जुन्या राफ्टची परीक्षा जास्त कडक असते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे राफ्ट १० वर्षांचा झाला, की नेहमीपेक्षा जास्त दाब देऊन दरवर्षी तपासायचा. तळ जिथे जोडलेला असतो तो जोडही बघायचा. दर ५ वर्षांनी हवेऐवजी त्याच्याच गॅसने फुगवून बघायचं. यात एखादा जुना राफ्ट फाटतो. तो स्टेशनच्या फरशीवर फाटला हे चांगलंच झालं.

आणि किती दिवसांनी? मोठ्या जहाजांना सोलास करार लागू आहे. त्यात दर १२ महिन्यांनी सर्व्हिसिंग, अडचण असेल तर जास्तीत जास्त १७ महिने. पण व्यापार न करणाऱ्या खासगी मौजेच्या बोटींना सोलासचा हा नियम लागू नाही. तिथे राफ्ट बनवणारी कंपनी सांगेल ती मुदत, ती नव्या राफ्टला बहुतेकदा ३ वर्षांपर्यंत असते. बोट ज्या देशात नोंदवली, तिथले नियमही बघावे लागतात. पण पाठीमागे लागणारं कोणी नसेल, तर तारीख लक्षात ठेवणं मालकाच्याच अंगावर येतं.

सर्टिफिकेट वाचायचं कसं?

सर्टिफिकेट त्या एका दिवसाबद्दल बोलतं. त्या दिवशी राफ्टने दाब धरला, एवढंच. पुढचे दोन मे महिने तो कोकणच्या उन्हात तापला, पावसाळ्यात बॉक्समध्ये पाणी शिरलं, हे त्यात येणार नाही. म्हणून नुसत्या तारखेवर समाधान मानू नका. हे विचारा:

१. कागदावरचा सीरियल नंबर आणि बॉक्सवरचा नंबर एकच आहे का?
२. त्या स्टेशनला त्या कंपनीचे राफ्ट उघडायची अधिकृत परवानगी आहे का?
३. दाबाचे आकडे आणि सिलिंडरचं वजन लिहिलंय का, की नुसतंच "ओके"?
४. राफ्ट १० वर्षांच्या पुढचा असेल, तर जादा दाबाची चाचणी झाली का?
५. जहाज बुडताना राफ्ट आपोआप सोडवणारं हायड्रोस्टॅटिक युनिट असेल, तर त्याची तारीख काय? वापरून टाकायचा जो प्रकार सर्रास दिसतो, तो बसवल्यापासून २ वर्षांनी बदलावा लागतो.

मित्रांना मी सांगितलं, की सौद्यात राफ्टची किंमत शून्य धरा. स्टेशनला उघडू द्या, शक्य असेल तर समोर उभे राहा. पास झाला तर बोनस. नाही झाला तर नवा घ्या, आणि जुना कापून टाका, म्हणजे तो पुढच्या जाहिरातीत "राफ्टसकट" म्हणून विकला जाणार नाही.

पण प्रत्येक बोटीला कागद वाचणारा मित्र मिळत नाही. आज सेकंडहँड बाइक घेताना आपण एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून इन्शुरन्स आणि पीयूसी बघतो. राफ्टलाही सीरियल नंबर असतोच. तो टाकला, की शेवटची तपासणी कधी, कुठे झाली आणि दाब किती धरला, हे कोणालाही दिसायला हवं. मालकाला, गिऱ्हाइकाला, आणि बार्जवर कामाला जाणाऱ्या वेल्डरलाही. डेटाबेस राफ्ट फुगवत नाही, मान्य. पण १६ पैकी किती राफ्ट वेळेत तपासलेत, हे वादळाच्या आदल्या दिवशी कळलं, तर निघायचं की थांबायचं हे तरी ठरवता येतं.