नाव कळताच ‘गेलेला’ फ्लॅट

शहाड स्टेशनजवळ वन बीएचके शोधतोय. पगार, डिपॉझिट सगळे एजंटला चालते. नाव सांगितले की फ्लॅट ‘कालच गेला’. वर सल्ला : “मुंब्र्यात बघा ना!” मुंब्रा आपलाच, पण राहायचे कुठे हे आपण ठरवायचे.

राज्यघटनेचे कलम १५(२) दुकान, हॉटेल, विहिरीवर धर्मावरून मज्जाव करू देत नाही. घरभाड्याचा त्यात उल्लेख नाही. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या सोसायटीला सदस्यत्व पारशांपुरते ठेवू दिले.

म्हणून कायदाच हवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लीव्ह अँड लायसन्सच्या नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली. धर्म पाहून घर न नाकारण्याचीही टाकावी. दोस्तांनो, मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हेच विचारा.