बालविकास म्हणजे नुसती राखण नव्हे

मा. संपादक,

‘मुलं सांभाळायला पदविका कशाला?’ हा आपल्या अंकातील बालविकास पदविकेवरचा लेख वाचला. त्यातील विधाने तपासून घ्यायला हवीत.

‘हे विदेशी खूळ आहे.’ बालशिक्षणाची माँटेसरी पद्धत इटलीची, हे खरे. पण आपल्याकडच्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापला. 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, मग कोसबाडला. तिथे ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी आदिवासी पाड्यावरच्या अंगणातच बालवाडी भरवली. साधने म्हणून बिया, शिंपले, पाने. यात विदेशी काय?

‘आजी हे आपसूक करते.’ करते, पण घरात आजी असेल तर. माणदेशातून ऊसतोडीला आणि मेंढरांमागे कुटुंबे बाहेर पडतात, तेव्हा आजी गावात आणि मूल फडावर असते. शिवाय दोन वर्षांचे मूल बोलत नसेल, तर ‘बोलेल उशिरा’ म्हणून थांबायचे की कान तपासायचे, हे शिकूनच कळते.

‘अंगणवाडीची सरकारी नोकरी मिळते, म्हणून मुली हे शिकतात.’ साफ चूक. अंगणवाड्या ज्या योजनेत चालतात, ती एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. पण अंगणवाडी सेविकेला आजही वेतन नाही, मानधन मिळते. ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर मान्य झाला.

शेळ्यांच्या डॉक्टरला पदवी लागते, यावर लेखकाचा आक्षेप दिसत नाही. मुलांच्या बाबतीतच तो का?

— एक वाचक, म्हसवड (ता. माण, जि. सातारा)