वर्गणी दिली, आता मैदानावरही चला

पोशेरा, मोखाडा, जव्हार या भागात कबड्डी किंवा क्रिकेटचे सामने ठरले की पावतीपुस्तक आपल्या दुकानात येते. वर्गणी दिली की आपले कर्तव्य संपले, असे आपण समजतो. व्यापारी बांधवांनी याचा फेरविचार करावा.

घरी टीव्हीवर सामना पाहणारा माणूस घरचाच चहा पितो. मैदानावर आलेला माणूस चहा घेतो, शेंगा घेतो, परतताना किराणा नेतो, चप्पलही शिवून घेतो. गर्दी म्हणजेच गिऱ्हाईक.

पण नफ्याहून मोठा प्रश्न मुलांचा आहे. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीचे कांस्यपदक मिळवले. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर रणजीच्या अंतिम सामन्यात मुशीर खानने १३६ धावा काढल्या. आपल्या पाड्यावरच्या, मोहल्ल्यातल्या मुलांची सुरुवात गावच्या मैदानावरच होणार. तेथे त्यांना शाबासकी द्यायला कोणी नको काय?

संयोजकांनी सामने आठवडेबाजाराला जोडून ठेवावेत. शुक्रवारी असल्यास जुम्याच्या नमाजनंतर. सावली, पाणी आणि महिलांना बसण्याची सोय करावी. दुकानदारांनी पाळीपाळीने तासभर गल्ला सोडावा आणि मुलांना सोबत न्यावे.